लॅग, नर्फ, पिटी: गेमच्या भाषेवर तुमचे प्रश्न

गेम्सवरचे प्रश्न पाठवा म्हटलं तर बहुतेकांनी कुठला गेम चांगला हे विचारलंच नाही, पोरं काय बोलतात तेच कळत नाही म्हणून विचारलंय. काही प्रश्न पोरांचेही आहेत. उत्तरं लहानमोठी झालीत, जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न: माझा मुलगा ऑनलाइन गेम खेळतो आणि हरला की कारण तयारच असतं. कधी पिंग वाढला, कधी लॅग आला, कधी एफपीएस ड्रॉप झाला. आता म्हणतोय नवीन ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय लॅग जाणार नाही. हे तिन्ही एकच आहे का? कार्ड घ्यावं का?
— वैतागलेली आई

उत्तर: ताई, कार्डाचं नंतर बघू, आधी त्याचा नेमका प्रॉब्लेम कुठला ते शोधा, कारण या तीन शब्दांत दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत.

पिंग म्हणजे तुमच्या मशीनवरून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात मोजतात. २०-३० असेल तर मस्त, १०० च्या वर गेला की नेमबाजीच्या गेममध्ये जाणवायला लागतो. आता गंमत अशी की काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १०,००० किलोमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद निव्वळ अंतराचेच झाले, जगातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी त्यातला एकसुद्धा कमी होणार नाही. नेटचा स्पीड वाढवूनही फारसा फरक पडत नाही, कारण स्पीड म्हणजे एका वेळी किती डेटा येतो आणि पिंग म्हणजे तो यायला किती वेळ लागतो. पिंगवर खरा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडायचा आणि वायफायऐवजी केबल लावायची. आणि कायम ८० असलेला पिंग परवडतो पण ३० वरून १५० वर उड्या मारणारा नाही परवडत, त्या उड्यांना जिटर म्हणतात. मधले निरोप हरवलेच तर तो पॅकेट लॉस, मग पळता पळता कॅरेक्टर झटक्यात मागे फेकलं जातं, त्याला रबरबँडिंग म्हणतात.

एफपीएस म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं येतात. हे काम मशीनचं, नेटचा इथे काही संबंध नाही. ६० एफपीएसला एक चित्र तयार करायला मशीनला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. तेवढ्यात चित्र झालं नाही की गेम अडखळतो. आणखी एक घोळ म्हणजे फर्स्ट पर्सन शूटर, ज्यात आपल्याला फक्त हातातली बंदूक दिसते, त्यालाही एफपीएसच म्हणतात. कुठला एफपीएस ते वाक्यावरून समजून घ्यायचं.

आणि लॅग? लॅग हा कुठल्याही उशिरासाठी वापरायचा मोघम शब्द आहे, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. तुम्ही एवढंच करा, त्याला नेट बंद करून एखादा सिंगल प्लेयर गेम खेळायला सांगा, तेवढाच जड असलेला. तिथेही अडखळला तर मशीन कमी पडतंय, मग कार्डाचा विचार करा (आणि तरी आधी ग्राफिक्स सेटिंग खाली आणून बघा). तिथे लोण्यासारखा चालला तर दुखणं नेटचं आहे आणि कार्डाचे पैसे वाया. बहुतेक ऑनलाइन गेममध्ये पिंग आणि एफपीएस दोन्ही कोपऱ्यात दाखवायची सोय असते, ती चालू करून ठेवली की पुढच्या वेळी हरल्यावर आकडाच बघता येईल. आकडे दोन्ही चांगले असतील तर मग काय, समोरचा चांगला खेळला.

प्रश्न: मी ज्या कॅरेक्टरवर सहा महिने मेहनत घेतली ते डायरेक्ट नर्फ केलं राव. असं का करतात? आणि मेटा म्हणजे नक्की काय, सगळे म्हणतात मेटात नाहीये ते खेळू नको.
— चिडलेला मेन

उत्तर: समजू शकतो. नर्फ हे फोमची बंदूक-तलवार बनवणाऱ्या खेळण्यांच्या ब्रँडचं नाव, लागलं तरी दुखत नाही असली खेळणी. अल्टिमा ऑनलाइन नावाचा १९९७ चा गेम होता, त्यात तलवारींची ताकद कमी केली तेव्हा खेळणारे म्हणायला लागले की आता आम्ही नर्फच्या बॅटनं मारतोय, आणि शब्द चिकटला तो चिकटलाच. उलट ताकद वाढवली की बफ. पण बफचा अजून एक अर्थ आहे, गेमच्या आत थोड्या वेळापुरती मिळणारी ताकद, म्हणजे टीममेटनं मंत्र टाकला आणि दहा सेकंद तू जोरात मारायला लागलास तर तोही बफच. शत्रूनं तुला हळू केलं तर डिबफ.

का करतात म्हणशील तर कंपनी दोन आकडे बघत असते, ते कॅरेक्टर किती लोक घेतात आणि घेतल्यावर किती वेळा जिंकतात. दोन्ही फार वर गेले की कात्री लागते. अवघड भाग असा की एकच कॅरेक्टर नवशिक्यांच्या हातात कचरा आणि प्रो लोकांच्या हातात राक्षस असू शकतं, मग प्रो लोकांसाठी लावलेली कात्री खालच्या रँकवाल्यांना फुकट बसते. तुझं बहुतेक तेच झालंय. आणि कधीकधी तर कॅरेक्टरला हातही लावत नाहीत, बाकीच्यांना बफ देतात, आपलं जागच्या जागी मागे पडतं. नवीन येणारं प्रत्येक कॅरेक्टर जुन्यापेक्षा जरा जास्तच भारी असलं, तर त्याला पॉवर क्रीप म्हणतात, आणि नवीन कॅरेक्टर विकायचं असेल तर ते होतंच होतं.

मेटा म्हणजे या घडीला जिंकायला सगळ्यात कामाच्या कॅरेक्टर, हत्यारं आणि डावपेच यांचं जमलेलं गणित. मूळ शब्द मेटागेम, म्हणजे गेमच्या बाहेर राहून गेमबद्दल केलेला विचार. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ‘मोस्ट इफेक्टिव्ह टॅक्टिक्स अव्हेलेबल’ असं सांगणारे भेटतील, ते मागाहून जुळवलेलं आहे. पण मेटा बनतो तो वरच्या लोकांच्या मॅचेसवरून, जिथे प्रत्येकाचा नेम पक्का आणि टीम एकमेकांशी बोलते. तू मधल्या रँकला असशील तर सहा महिने हाताखालून गेलेलं नर्फ झालेलं कॅरेक्टर काल शिकलेल्या मेटा कॅरेक्टरपेक्षा जास्त मॅच जिंकून देईल. खेळ बिनधास्त.

प्रश्न: नातवंडं एनपीसी, एचपी, एक्सपी, मॉब, ॲग्रो असं काहीबाही बोलत असतात. परवा मोठी नात धाकट्याला म्हणाली ‘तू एनपीसी आहेस’ आणि तो रडला. ही शिवी आहे का?
— आजोबा

उत्तर: आजोबा, शिवी नाही पण टोमणा आहे, आणि बराच लागणारा. एनपीसी म्हणजे नॉन प्लेयर कॅरेक्टर, गेममधली अशी पात्रं जी कुणी माणूस चालवत नाही. रस्त्यावरचा दुकानदार, दारावरचा पहारेकरी, बोलायला गेलात की तेच तेच वाक्य परत म्हणणारा. म्हणजे नात त्याला म्हणाली की तुला स्वतःचं डोकं नाही.

यातले काही शब्द कॉम्प्युटरपेक्षा टेबलावर खेळायच्या खेळांतून आलेत. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला, त्यात प्रत्येकाचं एक पात्र, त्याला हिट पॉइंट म्हणजे किती मार खाऊ शकतो तो आकडा, तेच आजचं एचपी. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, साठले की लेव्हल वाढते. मग १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा गेम केला, चित्रं नाहीत, नुसता मजकूर, पण एका वेळी अनेक जण आत. त्यात स्वतःहून हिंडणाऱ्या प्राण्यांना मोबाइल म्हणायचे, त्याचं तोकडं रूप मॉब. झुंडीशी त्याचा संबंध नाही, एकटा डुक्करसुद्धा मॉबच.

ॲग्रो म्हणजे त्या मॉबचा राग सध्या कुणावर आहे ते. मोठ्या टीमच्या गेममध्ये कामं वाटलेली असतात, एकाचं काम मार खायचं, तो टँक, तो मुद्दाम शत्रूला डिवचून ॲग्रो स्वतःवर ओढतो. हीलर मागे उभा राहून त्याची एचपी भरत राहतो. उरलेले सगळे डीपीएस, म्हणजे सेकंदाला किती नुकसान करता त्यावर ज्यांची किंमत. डीपीएसवाल्यानं उतावीळपणे जास्त मारलं की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो, तो मरतो, मग हीलर मरतो, मग सगळेच, त्याला वाइप म्हणतात. आणि भांडण कुणावर येतं? हीलरवर. नेहमी.

प्रश्न: मी शंभर टक्के मारलं होतं, गोळी आरपार गेली तरी लागलं नाही. आणि मी भिंतीच्या मागे पोचलो होतो तरी मेलो. मित्र म्हणतो हिटबॉक्स खराब आहे. खरं का?
— हेडशॉट हुकलेला

उत्तर: अर्धं खरं. तुला दिसतं ते कॅरेक्टरचं चित्र, पण गोळी लागली की नाही हे गेम चित्रावरून ठरवत नाही, आत न दिसणारे साधे आकार बसवलेले असतात, डोक्याला एक, छातीला एक, असे, त्यावरून ठरवतो. ते हिटबॉक्स. फायटिंग गेमवाले जरा काटेकोर असतात, मारणाऱ्या भागाला हिटबॉक्स आणि मार खाणाऱ्या भागाला हर्टबॉक्स म्हणतात. हा आकार मुद्दाम चित्रापेक्षा लहान-मोठा ठेवतात. ज्या गेममध्ये अख्खा स्क्रीन गोळ्यांनी भरतो, बुलेट हेल म्हणतात त्याला, तिथे आपल्या विमानाचा हिटबॉक्स मधोमध चिमूटभरच असतो, नाहीतर कुणी वाचणारच नाही.

तुझी गोळी आरपार गेली त्याची कारणं अजूनही असू शकतात. काही हत्यारं हिटस्कॅन असतात, ट्रिगर दाबलं त्याच क्षणी रेषा काढून निकाल लागतो, काही प्रोजेक्टाइल, गोळीला खरंच पोचायला वेळ लागतो, मग समोरचा जिथे असेल त्याच्या थोडं पुढे मारावं लागतं. किंवा तो कोलांटी मारत होता आणि तू त्याच्या आयफ्रेममध्ये मारलंस, म्हणजे त्या हालचालीतल्या अशा काही फ्रेम (स्क्रीनवरची एकेक चित्रं) ज्यात त्याला काहीच लागत नाही. डार्क सोल्स या गेमचं अर्धं कौशल्य याच फ्रेम गाठण्यात आहे.

भिंतीमागे मेलास ते मात्र हिटबॉक्समुळे नाही. ऑनलाइन शूटरमध्ये लॅग कॉम्पेन्सेशन असतं, समोरच्यानं ट्रिगर दाबलं तेव्हा त्याला त्याच्या स्क्रीनवर तू कुठे दिसत होतास ते सर्व्हर मागे जाऊन बघतो, आणि त्याच्या स्क्रीनवर तू अजून उघड्यावरच होतास. तुझ्यावर अन्याय वाटतो पण हे नसेल तर मारणाऱ्यावर रोज अन्याय होईल. कुणावर तरी होणारच.

आणि गेम तुझ्या बाजूनंही खोटं बोलतो बरं का, ते कुणी लिहून पाठवत नाही. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारायला देतात, त्याला कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी हवेत पळत राहतो ना, खाली बघेपर्यंत पडत नाही, त्याच्यावरून. २०१८ चा सेलेस्ट हा एवढा अवघड गेम, त्यातही हे आहे. जमिनीवर टेकायच्या जरा आधीच बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवून टेकल्यावर उडी देतात, ते इनपुट बफर. हे काढून टाकलं तर तू म्हणशील कंट्रोल खराब आहेत.

प्रश्न: प्रत्येक दुसऱ्या गेमवर रोगलाइक लिहिलेलं असतं. रोगलाइक, रोगलाइट, मेट्रॉइडव्हेनिया, सोल्सलाइक, यातला फरक सांगा ना एकदा.
— गोंधळलेली

उत्तर: ही सगळी जुन्या गेमची नावं आहेत, प्रकार म्हणून वापरलेली. रोग हा १९८० चा गेम, त्यात चित्रंच नव्हती, भिंती, दारं, राक्षस सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं. दर वेळी तळघर नव्यानं, रँडम तयार व्हायचं आणि मेलात की संपलं, पहिल्यापासून. याला परमाडेथ म्हणतात. हे दोन्ही कडक पाळणारा तो रोगलाइक. मेल्यावर थोडं काहीतरी पुढच्या खेपेला घेऊन जाऊ देणारा, म्हणजे कायमचे अपग्रेड वगैरे, तो रोगलाइट, हेडीस आणि डेड सेल्स यातले. एका खेपेला रन म्हणतात. आता दुकानदारच दोन्हीला एकच लेबल लावतात त्यामुळे तुमचा गोंधळ साहजिक आहे, माझं मत विचाराल तर लेबलकडे न बघता एवढंच विचारा की मेल्यावर काय उरतं.

मेट्रॉइडव्हेनिया हे १९८६ चा मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया, त्यातही खास करून १९९७ चा सिम्फनी ऑफ द नाइट, यांचं जोडनाव. एकच मोठा नकाशा, सुरुवातीला अर्धी दारं बंद, मग कुठेतरी दुहेरी उडी किंवा असंच काही मिळतं आणि आठवतं की अरे त्या तिथे उंचावर काहीतरी होतं. हॉलो नाइट बघा.

सोल्सलाइक म्हणजे २००९ चा डीमन्स सोल्स आणि मग डार्क सोल्स यांच्या वळणाचा. फक्त अवघड म्हणजे सोल्सलाइक नव्हे. मेलात की कमावलेलं सगळं तिथेच पडतं, तिथपर्यंत परत जाऊन उचलायचं आणि वाटेत परत मेलात तर कायमचं गेलं. शेकोटीशी बसलात की तुमची एचपी भरते पण मारलेले शत्रूही परत उभे राहतात.

प्रश्न: मुलगी म्हणते ‘पिटीला आलेय, अजून थोडेच पुल हवेत’ आणि पैसे मागते. हे नक्की काय चाललंय?
— काळजीत असलेले बाबा

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण बाकीचे शब्द नाही कळले तरी काही बिघडत नाही, इथे पैसे जातात.

जपानमध्ये नाणं टाकलं की बंद गोळ्यातून कुठलंही एक खेळणं पडतं अशी मशीन असतात, त्यावरून गाचा. गेममध्ये तसंच, पैसे किंवा साठवलेलं चलन देऊन एक पुल करायचा, काय येईल ते नशीब. हवं ते कॅरेक्टर येण्याची शक्यता अगदी कमी असते, म्हणून एक हमी देतात की इतक्या पुलमध्ये आलंच नाही तर पुढचं नक्की, ती पिटी. २०२० साली आलेल्या गेनशिन इम्पॅक्टचं उदाहरण घ्या, त्यात कॅरेक्टर बॅनरवर (ठरावीक कॅरेक्टरसाठीची सोडत) फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ दर्जाचं कॅरेक्टर, येण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आणि पिटी ९० पुलला. ०.६ टक्के नुसते धरले तर ९० पुल करूनही मिळण्याची शक्यता साधारण ४२ टक्केच येते, म्हणजे पिटी नसती तर निम्म्याहून जास्त लोक हात हलवत परतले असते. आणि फाइव्ह-स्टार आलं म्हणजे हवं तेच आलं असंही नाही, दुसरंच येऊ शकतं, तसं झालं तर त्याच्या पुढचं फाइव्ह-स्टार मात्र हवं तेच. म्हणजे वाईटात वाईट १८० पुल.

म्हणून ती ‘थोडेच हवेत’ म्हणते तेव्हा तिला दोनच प्रश्न विचारा: काउंटर (शेवटच्या फाइव्ह-स्टारनंतर झालेले पुल) कितीवर आहे, आणि मागच्या वेळी दुसरंच आलं होतं का? पुलची हिस्टरी गेममध्येच दिसते. मागच्या वेळी दुसरं आलं असेल आणि काउंटर ८० वर असेल तर पोरगी खरं बोलतेय. नसेल तर अजून शंभर पुल बाकी असू शकतात, आणि तेव्हा आतापर्यंत घातलेलं वाया जाईल या भीतीनं माणूस अजून घालतो, पिटीचं डिझाइन या भीतीवरच चालतं असं माझं स्पष्ट मत आहे.

लूट बॉक्स, म्हणजे आत काय ते न सांगता विकलेली पेटी, हा याचाच भाऊ. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू वरून एवढा गदारोळ झाला की कंपनीला गेम बाजारात येता येता पैशांची खरेदी थांबवावी लागली, आणि २०१८ मध्ये बेल्जियमनं पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात धरले. बॅटल पास वेगळा, त्यात काय मिळणार ते आधीच दिसतं, फक्त ठरलेल्या मुदतीत खेळून मिळवायचं. पैसे वाचतात, वेळ जातो.

पटापट:

*ग्राइंड आणि फार्म एकच का?* जवळपास. तेच तेच करत लेव्हल वाढवणं ग्राइंड, ठरावीक एक वस्तू गोळा करायला तेच तेच करणं फार्म.

*चीज करणं म्हणजे?* नियमात बसणारी पण बघणाऱ्याला लाज वाटेल अशी युक्ती. बॉस, म्हणजे मोठा तगडा शत्रू, पायऱ्या चढू शकत नाही म्हणून वरून बाण मारत बसणं.

*कॅम्पर?* एका कोपऱ्यात दबा धरून बसणारा. शिव्या सगळे घालतात, खेळायची जागा आकसत जाऊन उरलेल्या शेवटच्या सर्कलमध्ये सगळे तेच करतात.

*स्मर्फ?* वरच्या रँकचा खेळाडू नवीन अकाउंट काढून नवशिक्यांत घुसतो तो. नव्वदच्या दशकात वॉरक्राफ्ट टू मध्ये ओळखू येऊ नये म्हणून दोघा तगड्या खेळाडूंनी स्मर्फ या निळ्या कार्टूनमधली नावं घेतली होती.

*एएफके?* कीबोर्डपासून लांब. आई हाक मारते तेव्हाचा शब्द.

प्रश्न: दादा स्पीडरन बघतो, त्यात लोक भिंतीतून आरपार जातात आणि गेम संपवतात. मी म्हणतो ही चीटिंग आहे. कोण बरोबर?
— धाकटा

उत्तर: दादा. पण तुझाही एक मुद्दा आहे. (बाकीच्यांसाठी: स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं.)

चीटिंग म्हणजे गेमच्या फाइलमध्ये बाहेरून काही घुसवणं. ग्लिच गेममध्येच असतो, बनवणाऱ्यांच्या चुकीनं राहिलेला, आणि तो हातानं जमवायला लोक महिनोन्‌महिने सराव करतात. म्हणून स्पीडरनमध्ये कॅटेगरी असतात. एनी पर्सेंट म्हणजे कसंही करा, शेवट गाठा. हंड्रेड पर्सेंट म्हणजे सगळं गोळा करून. ग्लिचलेस म्हणजे तुला हवं तसं, भिंतीतून जायचं नाही. टास म्हणजे माणसानं न खेळता एकेका फ्रेमचं बटण आधी लिहून ठेवलेला रन, त्याची यादीच वेगळी ठेवतात. १९९८ चा ओकारिना ऑफ टाइम साधारण खेळायला पंचवीसेक तास घेतो, एनी पर्सेंटवाले काही मिनिटांत शेवटाला पोचतात.

आणि चुकून राहिलेलं सगळंच वाईट नसतं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात यायला लागतात, ते मुळात तसं ठरवलेलं नव्हतं, कमी आकृत्या काढायच्या असल्यानं मशीनचं काम हलकं व्हायचं म्हणून वेग वाढायचा, आणि मजा येते म्हणून तसंच ठेवलं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये एका फटक्याला जोडून दुसरा बसतो हे बनवणाऱ्यांना गेम तपासताना दिसलं, ठरवलेलं नव्हतं, तेही ठेवलं. तोच आजचा कॉम्बो.

तू दादाला एकदा ग्लिचलेस रन लावायला सांग, तो तुला जास्त आवडेल असं वाटतं.

प्रश्न: हरल्यावरही जीजी लिहायचं का?
— नवीन खेळाडू

उत्तर: हो. जीजी म्हणजे गुड गेम. हरणाऱ्यानं आधी लिहायचं अशी जुनी पद्धत आहे, जिंकणाऱ्यानं मॅच संपायच्या आत लिहिलं तर तो उद्धटपणा धरतात. आणि पुढे ‘ईझी’ जोडू नका.